ओठांवरचं तूप

निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, पण अणदुरातल्या त्या घरात शांतम्माचं राज्य शाबूत होतं. साठी उलटली तरी बाईचं कातडं लोण्यासारखं मऊ. रोज साय आणि हरभऱ्याचं पीठ तोंडाला चोळायची, शिकेकाईनं न्हायची, वर खोबरेल थापायची आणि ओठ फुटू नयेत म्हणून निजताना बेंबीत तूप घालायची. सून गिरिजाबाई मात्र दोन्ही वेळा कोरडी भाकरी आणि लाल चटणी खाऊन राबायची. तिचे केस मुठीनं गळायचे, आणि थंडी पडली की ओठ असे उलायचे की बोलताना रक्त यायचं. सुनेच्या तोंडावर तजेला आला की पोरगा हातचा जातो, असं सासूचं म्हणणं. असली मतं दुभत्याच्या किल्ल्या कमरेला असणाऱ्यांनाच परवडतात.

लोणी कढवलं की शांतम्मा सुनेला समोर उभी करी आणि तिच्या ओठांवरून अंगठा ओढी. अंगठा कोरडा निघाला तर ठीक. एकदा निघाला नव्हता, तेव्हा उलथनं लाल करून दंडावर डाग दिला होता. नवरा महारुद्र तो डाग बघून गुमान बैलाकडं गेला. आईपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटे, आणि आईवरचा राग तो बायकोच्या पाठीवर काढी.

त्या पौषात, तुरी झोडपून आलेली गिरिजा दुपारी भिंतीला टेकली आणि तिथंच तिचा डोळा लागला. जाग आली ती सासूच्या अंगठ्यानं. शांतम्मानं अंगठा उजेडात धरला. तो चकाकत होता.

गिरिजानं ओठ चाटले. तूपच होतं. तिनं खरोखर खाल्लं नव्हतं, म्हणून ती क्षणभर गोंधळली. मग तिची नजर दाराआड गेली. तिथं तिची पाच वर्षांची लेक नीलव्वा हात पाठीमागं लपवून उभी होती. दंडावरची जुनी जखम गिरिजाला आठवली, आणि तसलंच काही या लेकराच्या अंगावर उठलेलं तिला बघायचं नव्हतं.

"म्या खाल्लं, आत्याबाई," ती म्हणाली.

कबूल केल्यानं शिक्षा कमी होईल असं तिला वाटलं असेल, तर इतकी वर्षं ती डोळे झाकूनच नांदली म्हणायची. शांतम्मानं फुंकणी उचलली आणि सरळ तोंडावर हाणली. ओठ फाटला, एक दात हलला, हनुवटीवरून रक्त पदरावर आलं. दुसरा फटका कानावर बसला. सासूनं उलथनं चुलीत सारलं आणि ते लाल होईपर्यंत सुनेच्या माहेरचा उद्धार चालू ठेवला.

तेवढ्यात नीलव्वा पुढं आली.

"आईला मारू नगंस, आज्जे. तुझ्या बेंबीच्या वाटीतलं तूप म्या लावलं. तिच्या ओठातनं रगत येतंय. बेंबी घावली न्हाय म्हणून ओठालाच लावलं."

दुसरं कुणी असतं तर तिथंच पाघळलं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. म्हातारीनं एका हातानं नातीचा पंजा धरला, दुसऱ्या हातानं उलथनं उचललं, आणि "आतापासूनच चोरी" म्हणत ते पोरीच्या बोटांकडं नेलं.

मग गिरिजा उठली. तिनं सासूचा तेलकट अंबाडा मुठीत धरून तिला मागं खेचलं, चुलीपाशी आडवी पाडली आणि तिचं मनगट पिळलं. उलथनं शांतम्माच्याच गालाला लागलं. कातडं चरचरलं, त्याचा वास घरभर झाला. ती किंचाळली तरी गिरिजानं पकड सोडली नाही. सोडली तेव्हा तिच्या मुठीत पांढऱ्या केसांचा झुबका होता. वाईट वाटलं का? अजिबात नाही. उलट इतक्या वर्षांनी छातीत पहिल्यांदा वारा शिरल्यासारखं झालं.

तिनं सासूच्या कमरेच्या किल्ल्या ओढल्या, तुपाची बरणी खाली घेतली, भाकरी कुस्करली, वर तूप ओतलं आणि नीलव्वाला मांडीवर घेऊन भरवायला बसली. आरडाओरडा ऐकून महारुद्र आला. चाबूक हातातच होता. कोपऱ्यात गाल धरून विव्हळणाऱ्या आईकडं त्यानं पाहिलं आणि हात वर उचलला.

गिरिजानं उलथनं पुन्हा चुलीत सारलं.

"आधी लेकरू जेवू द्या," ती फाटक्या ओठांनी म्हणाली. "मग या पुढं."

महारुद्र उंबऱ्यावरच उभा राहिला.