चांगुणाचा आळस

बहात्तरच्या दुष्काळात तिसगावच्या अलीकडं पाझर तलावाचं काम निघालं होतं. बाया एका ओळीत माती वाहत होत्या. ओळ पुढं सरकली आणि चांगुणा मात्र जागीच राहिली. डोक्यावर भरली पाटी, डोळे मिटलेले. मागच्या बाईनं ढोसलं तशी पाटी खाली आली आणि माती त्याच बाईच्या पायांवर सांडली.

मुकादम वरून ओरडला, "मच्छिंद्र, तुज्या बायकूला घरी निजव जा. सरकारी काम हाय हे."

सगळा बांध हसला. तिचा नवरा मच्छिंद्र तेवढा हसला नाही. तो खाली मान घालून कुदळ मारत राहिला, आणि चांगुणाला हसणाऱ्यांपेक्षा तेच जास्त लागलं.

दोन वर्षांमागं हीच चांगुणा खुरपायला बसली की दोघींच्या पाती एकटी काढायची. रंगू झाली आणि कुठंतरी काही बिघडलं. अंग जड झालं. तोंड सुजल्यासारखं दिसू लागलं. फणीत केसांचे पुंजके यायचे. चैतातल्या उन्हातसुद्धा तिला घोंगडी पांघरावीशी वाटायची. आवाज तर असा घोगरा झाला की अंधारात कुणी पुरुषच बोलतोय असं वाटावं. बोलायचं मनात यायचं, पण शब्द तोंडापर्यंत येईस्तोवर समोरचा निघून जायचा.

त्यात दुष्काळ. गावातल्या माणसांच्या बरगड्या दिसू लागल्या आणि चांगुणा फुगत चालली. सासू साळूबाईनं याचा एकच अर्थ काढला.

"आमाला सरकारची सुकडी पुरंना, आन् हिला कुठलं लोनी गावतंय?"

तिनं भाकरीची दुरडी आपल्या उशाशी ठेवायला सुरुवात केली. चांगुणाला तर भूकच लागत नव्हती. पण ते कुणाला सांगायचं? तिचं अंगच तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं.

रंगू रडून रडून निळी पडायची तरी तिला जाग यायची नाही. मग थोरली जाऊ लंकाबाई यायची आणि पोरीला उचलून न्यायची. लंकाबाईला मूल नव्हतं. आधी ती पोरीला तासाभरानं परत आणून द्यायची. मग संध्याकाळी आणू लागली. पुढं आणायचीच थांबली. कुणी काही बोललं नाही. चांगुणाही बोलली नाही, कारण लंकाबाईकडं पोर हसत होती.

तीन डॉक्टर झाले. पहिल्यानं डोळ्याची पापणी ओढून बघितली, रक्त कमी आहे म्हणून सुई टोचली आणि लाल औषधाची बाटली दिली. दुसऱ्यानं सुजलेल्या अंगाकडं बघून बाई पोटुशी असेल असं सांगितलं. त्यासरशी साळूबाईचा सूर पालटला. ती स्वतः वाटीत दूध घेऊन यायला लागली. मग चांगुणा विटाळशी झाली, तीही अशी की उठवेना. तेव्हा साळूबाईनं तिच्या पुढ्यातली वाटी उचलली आणि ते दूध रंगूला पाजलं. तिसरा डॉक्टर पाथर्डीचा, मोठ्या पदवीचा. त्यानं तिला हातसुद्धा लावला नाही. मच्छिंद्रला म्हणाला, "खाणं कमी करा आणि कामाला लावा. दुसरं काही नाही."

हे शिकलेल्या माणसानं सांगितलं, म्हणजे प्रश्न मिटला. त्यानंतर मच्छिंद्रनं तिला तलावावर न्यायला सुरुवात केली होती.

भाऊबीजेला तिचा धाकटा भाऊ श्रीमंत आला. तो नगरजवळ नागापूरला एका वर्कशॉपात होता. अंगणातून त्यानं हाक मारली आणि आतून उत्तर आलं. तो दारातच थबकला.

"आत कोन हाय?"

"मीच की. ये."

श्रीमंत आत आला. बहिणीचं तोंड बघून त्यानं पिशवी खालीसुद्धा ठेवली नाही. "आक्का, चल," एवढंच म्हणाला. साळूबाई बडबडत राहिली. मच्छिंद्रनं अडवलं नाही. कदाचित त्यालाही सुटल्यासारखं वाटलं असेल.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतंय?"

चांगुणानं सावकाश सांगितलं, "मी लई आळशी झालेय, बाई. त्याच्यावर काय औषिद असलं तर द्या."

बाईंनी लिहिता हात थांबवला. तिला स्टुलावर गुडघे टेकवून, पाय मागं सोडून बसायला सांगितलं आणि टाचेच्या वर रबरी हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं आणि मग पाण्यात असल्यासारखं हळूहळू जागेवर आलं. बाईंनी पुन्हा मारली. पुन्हा तसंच.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्सं."

"आणि आत्ता दाखवताय?"

"तीन डाक्टर झाले की, बाई."

बाईंनी हातोडी टेबलावर ठेवली. मग त्यांनी आपल्या गळ्याला बोट लावलं. "इथं एक ग्रंथी असते. थायरॉईड म्हणतात. शरीर किती वेगानं चालावं, ते ती ठरवते. तुमची ती मंद पडलीय असं मला वाटतं. रक्त पुण्याला पाठवू, म्हणजे खात्री होईल. पण हा आळस नाही, बाई. अजिबात नाही."

चांगुणाला रडू यायला हवं होतं. तेही लवकर येईना. दवाखान्याच्या फाटकाबाहेर आल्यावर आलं, आणि मग थांबेना.

पुण्याहून उत्तर आलं, ते बाई म्हणाल्या तसंच. गोळ्या सुरू झाल्या. जन्मभर घ्यायच्या, एक दिवसही चुकवायच्या नाहीत, असं बाईंनी बजावलं. ती भावाकडंच राहिली. आधी थंडी गेली. मग तोंडाची सूज उतरली. एक दिवस भावजय चुलीशी असताना चांगुणा मागून बोलली आणि भावजय दचकून वळली. तो चांगुणाचा जुना आवाज होता.

शिमगा झाल्यावर ती सासरी परतली. साळूबाईनं तिला वरून खाली न्याहाळलं.

"काय झाल्तं मग?"

चांगुणानं गोळी तळहातावर घेऊन दाखवली.

"येवढीशी?" साळूबाईनं शेजारच्या भीमाबाईला हाक मारली. "ये, बग तरी. तिळायेवढ्या गोळीनं दोन वर्साचं दुखनं गेलं म्हनं. मंग दुखनं व्हतं कुटं? सोंगच की नुसतं! भावाकडं बसून खाल्लं, आन् आली पळत."

दोन वर्षं चांगुणा आळशी होती. बरी झाली आणि लबाड ठरली.

मच्छिंद्र आईसारखं बोलला नाही. पण दुपारी दोघंच असताना त्यानं विचारलं, "खरं सांग. तलावावर तुला खरंच झोप लागल्ती का?"

"तवा तुमी खाली बघत व्हता," ती म्हणाली. "वर बगितलं असतं तर आता इचारावं लागलं नसतं."

तो उठून बाहेर गेला. त्यानंतर त्या दोघांत कामापुरतंच बोलणं राहिलं.

घरानं तिच्यावर काम लादलं, मागची दोन वर्षं वसूल करायची असल्यासारखं. तिनंही ते केलं, कारण आता तिला ते जमत होतं. फक्त रंगू जमेना. चांगुणानं हाक मारली की पोर लंकाबाईच्या लुगड्याआड जायची.

लंकाबाई म्हणायची, "जा की, आई हाय तुजी." पण पदर सोडवून घ्यायची नाही.

गोळ्या संपत आल्या तशी चांगुणा नगरला निघाली. मच्छिंद्र म्हणाला होता, बरी झालीस, आता गोळ्या कशाला? तिनं ऐकलं नाही. डोक्यावरून पदर घेतला आणि अंगणात खेळणाऱ्या रंगूला म्हणाली, "येतीस का गं माज्यासंगं? यष्टीत बसू."

पोरीचे डोळे चमकले. ती पळत लंकाबाईकडं गेली.

"आई, जाऊ का?"

लंकाबाई धान्य पाखडत होती. सुपावरची नजर न काढता सहज बोलून गेली, "जा, काकीसंगं जा."

सूप थांबलं. दोघी जावांनी एकमेकींकडं बघितलं. चांगुणाला आता शब्द पटकन सापडत होते. त्यातला एकही तिनं उच्चारला नाही. रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. तिनं पोरीचा हात धरला आणि चालू लागली.

गाडीत गर्दी नव्हती. रंगू बाकावर चढली आणि बाहेर बोट दाखवत म्हणाली, "काकी, मी खिडकीशी बसू?"

"बस," चांगुणा म्हणाली, आणि सरकून तिला जागा करून दिली.