ओट्यातला आवाज

मनकर्णाच्या हातून जर्मनचं झाकण निसटलं आणि उंबऱ्याच्या दगडावर गरगरत, खणखणत बराच वेळ फिरत राहिलं. बाहेर निंबाखाली जमलेली सगळी वस्ती दचकली. इतकी माणसं, पण मघापासून कोणी खोकलंसुद्धा नव्हतं.

“सूनबाई, तुयं झाकन वाजलं, मशीन नाही,” बुधाजीआबा म्हणाले, तशी माणसं हसली.

श्रावण हसला नाही. तो ओट्यापुढं उकिडवा बसला होता. गळ्यात पेटी, हातात नळी, दोन्ही कानांवर काळ्या वाट्या. पेटीतला आवाज त्या वाट्यांतून फक्त त्याच्या कानांत उतरत होता.

बार्शीटाकळीच्या रस्त्याला पूर्वी एका सरकारी खात्याच्या शेड होत्या. लांबलांबून आणलेले दगड तिथं फोडून त्यांत अणूचा धातू शोधायचे. पुढं काम उठलं, पत्रे उडाले, दगड तसेच पडून राहिले. आता इतक्या वर्षांनी खात्याला त्या दगडांची शंका आली आणि नागपूरहून साहेब आणि श्रावण अशी दोन माणसं, तो धातू जवळ आला की वाजणारी मशीन घेऊन, तपासायला आली. साहेब शेडकडे थांबले. श्रावणला म्हणाले, तुमचीच वस्ती आहे, तुम्हीच बघा.

त्यामुळं सकाळपासून वस्तीचे पाय जमिनीवर नव्हते. वस्तीतला पहिला बी.एस्सी. सरकारी जीपमधून उतरला होता. शेजारच्या दुर्गाबाईनं त्याच्यासाठी दूध उधार आणून चहा केला. तो कायम दौऱ्यावर, म्हणून त्याची बायको मनकर्णा छोट्या लेकीला, इंदूला घेऊन सासूजवळ राहायची. तिला तर आज बायका उगाच दोनदोनदा हाक मारत होत्या. गावातले खुशालराव पाटीलही दोन गड्यांसह रस्त्यावर येऊन उभे राहिले होते. वस्तीत शिरले नाहीत, पण आले होते.

ओट्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. दीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात वस्तीनं बेवारस पडलेले ते जड, काळे गोटे डोक्यावरून वाहून आणले आणि ओटा बांधला. एक पावसाळा टिकणार नाही, असं गाव म्हणालं. तो टिकला. त्यावर बुद्धाची मूर्ती बसली, पंचशील झेंडा लागला. मनकर्णाचं लग्न त्याच ओट्यापुढं लागलं होतं.

श्रावणनं नळी एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर नेली. परत आणली. पुन्हा नेली. मग त्यानं खालचा ओठ दातांखाली धरला, आणि उंबऱ्यात उभी मनकर्णा अंगणात उतरली.

“काय म्हनते रे?” बुधाजीआबांनी विचारलं.

तो नळीच फिरवत राहिला. आबा जवळ आले, वाकले. ओटा बांधताना पहिला गोटा त्यांनीच ठेवला होता. आवाज दाबून म्हणाले, पण मनकर्णाला ऐकू आलंच.

“सायेब तिकडं हायेत. आयकनारा तू एकटाच. गावाले हासाले कारन देऊ नोको, बापू.”

श्रावणनं रस्त्याकडं पाहिलं. मग कानांवरच्या वाट्या काढल्या आणि आपल्या मायच्या, चतुराबाईच्या कानांवर ठेवल्या. तिनं पदर मागं सारला. त्यानं नळी आधी अंगणातल्या मातीला लावली, मग ओट्याला. म्हातारीचे डोळे मोठे झाले.

“लाह्या फुटून राह्यल्या व माय,” ती म्हणाली. कान झाकलेले, म्हणून मोठ्यानं म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं.

मग श्रावण उभा राहिला. घरात बोलायचा तसाच बोलला, पण रस्त्यावरही ऐकू जाईल असं. हे दगड त्याच धातूचे. यातून जे निघतं ते दिसत नाही. लगेच कोणाला काही होत नाही, पण रोज याला टेकून बसू नये, लेकरांनी तर नाहीच. ओटा काढावा लागेल. मी साहेबांना आज तसंच सांगणार.

रस्त्यावरचा एक गडी हसला. बुधाजीआबांची मान खाली गेली.

“हासू दे,” चतुराबाई वाट्या काढत म्हणाली. “आमचा पोरगा मशीन लावते, याइले नुसतं हासता येते. आबा, मान काहून खाली घालता? डोक्यावर वाह्यले तवा कोनी सांगतलं नाही. आज आपल्याच पोरानं सांगतलं. नदीचे गोटे आनू, दुसरा बांधू.”

आबांनी मान वर केली. मग त्यांनी वहाणा काढल्या, ओट्यावर गेले आणि मूर्ती दोन्ही हातांनी उचलली. निंबाखालची सगळी माणसं उठून उभी राहिली. खुशालरावांनी हसणाऱ्या गड्याकडं एकदा पाहिलं, तसा तो गप्प झाला.

मूर्ती कुठं ठेवायची, हे कोणी विचारायच्या आत मनकर्णानं आपल्या खोलीतली फळी मोकळी केली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांच्या देखत, ताठ मानेनं, दार पूर्ण उघडून बाजूला उभी राहिली. आत येता येता आबा थबकले.

“पोरगी, तुया नवऱ्यानं आज मले हरवलं,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते हसतही होते.

मूर्ती फळीवर बसली. बायका आत दाटल्या, कोणी फुलं आणायला पळालं. बाहेर श्रावण ओट्याभोवती चुन्याची रेघ ओढत होता. वस्तीतली पोरं त्याच्या सांगण्यावरून चार हात दूर उभी राहून ते पाहत होती. मनकर्णाही पाहत होती. पाहून तिचं मन भरेना.

तेवढ्यात कोणीतरी तिचा पदर ओढला. इंदू होती. झोपेतून उठवून आणल्यासारखी, केस विस्कटलेले.

“आई, मी त रोज दुपारी आजीसंगं ओट्यावरच निजतो,” ती म्हणाली. “बाबाची मशीन माह्या आंगाले लावली, त वाजंन का?”