रंगाचा दुसरा हात

शेवटचा नट सुटला तसं मंदारने पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी ओढून काढलं आणि पोर्टिकोच्या भिंतीला टेकवून ठेवलं. आतली चकचकीत डिस्क आणि तिला चिमट्यासारखा धरून बसलेला गंजका कॅलिपर उघडे पडले.

"हेच ते, बाबा. नव्या अलॉय व्हीलच्या फटींतून हा गंज दिसतो. लाल रंग दिला की बघा."

"एकतीस वर्षं ब्रेकच तपासले," अनंतराव म्हणाले. "त्यांना लाली लावून द्या म्हणणारा कुणी भेटला नाही."

दारात कॉफीचे टंबलर घेऊन उभी असलेली सुनेत्रा हसली. लेकाच्या सिरुसेरीच्या कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये असले उद्योग करायला मनाई होती, म्हणून तो रविवारी सकाळीच शहराच्या दुसऱ्या टोकाला, अंबत्तूरला, आईवडिलांकडे गाडी घेऊन आला होता. सून रुचिरा आणि आठ वर्षांची रेवा टी. नगरला खरेदीला गेल्या होत्या, जेवायला इथेच येणार होत्या. रेवा मग महिनाभर राहणार होती. उद्यापासून तिचा पोहण्याचा क्लास, आणि तिला तिथे सोडायचं आजोबांनी, त्यांच्या जुन्या मारुतीतून. हे सगळं फोनवर ठरलं होतं. अनंतराव "हो, त्यात काय" म्हणाले होते.

त्या फोनपासून सुनेत्राला घास गोड लागत नव्हता.

पोंगलनंतरची गोष्ट. सिग्नल हिरवा झाला तरी अनंतरावांनी गाडी हलवली नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. "सुटला," ती सहज म्हणाली. पुढच्या चौकात तिने पुन्हा सांगितलं, आणि मग सांगतच राहिली. लाल आहे. सायकलवाला आहे. बस थांबलीय. एरवी तिने साधा रस्ता सुचवला तरी चिडणारा हा माणूस "दिसतंय गं मला" असं एकदाही म्हणाला नाही. तिला काय समजायचं ते समजलं. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. झाकली मूठ होती, ती झाकलेली ठेवणं हे आपलं काम, असं तिने धरलं होतं.

उजवीकडचं चाक मंदारने स्वतःकडे घेतलं. डावीकडे अनंतराव पाटावर बसले आणि तारेच्या ब्रशने गंज घासू लागले. ते बघत नव्हतेच. अंगठा फिरवायचा, खरखर लागली की तिथे घासायचं. त्यांच्या ब्रेकच्या कंपनीत एकदा कुटुंबीयांना बोलावलं होतं, तेव्हा त्यांनी डोळ्यांवर रुमाल बांधून, नुसत्या अंगठ्याने, पाच डिस्कमधली खराब डिस्क काढून दाखवली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"डिस्कवर कागद लावून घ्या, बाबा," पलीकडून मंदार म्हणाला. "तिच्यावर रंग गेला तर ब्रेक धरायचा नाही."

"मला शिकव तू."

रिकामे टंबलर न्यायला सुनेत्रा आली तेव्हा पहिला हात देऊन झाला होता. कॅलिपर लाल झाला होता. आणि शेजारी डिस्कवर बोटभर लाल ओघळ होता. अनंतराव ब्रश हातात धरून समोर बघत होते. तिने गाडीच्या पलीकडे नजर टाकली. मंदारचं डोकं खाली होतं. तिने थिनरमध्ये कपडा बुडवला, ओघळ पुसून काढला, मग वर्तमानपत्र फाडून डिस्कवर गुंडाळलं आणि टेपने नीट चिकटवलं.

"काय करतेस?" अनंतरावांनी विचारलं.

"काही नाही. कागद लावला."

त्यांनी कागदावरून एकदा अंगठा फिरवला.

अर्ध्या तासाने दुसरा हात द्यायचा होता. सुनेत्राने सांबाराखालचा गॅस बारीक केला आणि पुन्हा बाहेर आली. तिने लावलेला कागद काढलेला होता. ओढून फाडलेला नव्हता. चार घड्या घालून पाटाजवळ ठेवला होता, टेपही त्याच्याच कडेला चिकटवून ठेवली होती. आणि डिस्कवर, वरपासून खालपर्यंत, चार बोटं रुंदीचा लाल पट्टा होता. दोन्ही कडा सरळ, रंग सगळीकडे सारखा.

तिचा हात थिनरच्या डब्याकडे गेला. तिथेच थांबला.

हा ओघळ नव्हता. चुकून गेलेला रंगही नव्हता. अंगठ्याने जागा चाचपून, सावकाश, कुणालाही दिसावा असा तो पट्टा ओढलेला होता. मघाचा ओघळही त्यांनी दिसावा म्हणूनच ठेवला होता, आणि तिने तो पुसून टाकला होता.

तिने अनंतरावांकडे बघितलं. त्यांनी मान वळवली नाही.

"मंदार," तिने हाक मारली. "इकडे ये जरा."

मंदार हात पुसत आला. पट्टा बघून हसला. "बाबा! डिस्कच रंगवलीत?" मग त्याने वडिलांचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू ओसरलं.

"सरळ बघितलं की मधोमध काहीच नसतं," अनंतराव म्हणाले. तपासणीचा अहवाल वाचावा तसा त्यांचा आवाज होता. "कडेचं दिसतं. तुझे कान दिसतायत आत्ता. तोंड नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

सुनेत्राने पटकन वर बघितलं. म्हणजे पोंगलपर्यंतचे दोन-अडीच महिने तिला काहीच माहीत नव्हतं. तेव्हा ती गाडीत त्यांच्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत असायची.

मंदार फरशीवर बसला. "बोलला का नाहीत?"

"तोंडातून निघेना." अनंतरावांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "तुझ्या आईला कळलं होतं. वाटलं, ती सांगेल. ती बिचारी सिग्नल सांगत बसली."

आत कुकरची शिट्टी झाली तरी सुनेत्रा उठली नाही.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ," मंदार म्हणाला. "मी रजा टाकतो."

"जाऊ. रेवाला ऑटोने नेऊ आम्ही दोघं." अनंतरावांनी हात पुढे केला. "तो कपडा दे. रंग वाळायच्या आत निघाला पाहिजे."

सुनेत्राने कपडा थिनरमध्ये बुडवून, पिळून त्यांच्या हातात दिला. ते पुसायला लागले. खालच्या कडेला थोडा लाल राहिला होता. तिला तो दिसत होता. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने त्यांचा अंगठा फिरत फिरत तिथे आला.