बऱ्या हाडाचा नमुना

देवकीचा हात सपाट टेकेना, म्हणून सुमंगलाने तो मनगटाला धरून एक्स-रेच्या पाटीवर चेपला. धाकट्या जावेला एवढ्याशा कामालाही माणूस लागत होतं. मग तिने स्वतःचा हात पुढे केला.

"माजोय काडात. बरीं हाडां कशीं आसतत, तां कळूं दी तुमकां."

इब्रामपूरच्या घरात तीन वर्षं देवकीची बोटं दुखत होती. सकाळी मूठ वळत नाही, नारळ किसवत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं! सुमंगलाचीही बोटं सुजून वाकडी झाली होती; पण रडगाणं गायला ती काय देवकी होती? पेडण्याच्या शिबिरात संगणक हाडं तपासणार, हे कळताच ती हौसेने सोबत आली. डॉक्टर एखादे वेळी दया दाखवतील, यंत्र कसली दाखवतंय. आज सोंग उघडं पडणार होतं.

पडद्यावर दोन हात उमटले. एक कोरा होता. दुसऱ्याच्या सांध्यांवर संगणकाने लाल चौकोन काढले होते, चांगले अकरा. म्हणजे हिचं खरंच दुखत होतं की काय, असं सुमंगलाला वाटलं.

"हा तुमचा हात, मावशी," डॉक्टरीणबाई तिलाच म्हणाल्या.

देवकीला दुखणं होतं, पण हाड शाबूत होतं. ती वेळेवर आली होती. सुमंगलाचं झिजलेलं हाड भरून येणार नव्हतं. उरलेलं वाचवायचं तर गोळ्या नेमाने घ्यायला हव्यात. इतकी वर्षं सोसलंत कसं, असं बाईंनी विचारलं, तेव्हा त्या आवाजातली कीव तिला थपडेसारखी लागली.

निघताना तिच्या गोळ्या देवकीनेच पिशवीत टाकल्या. घरी सुमंगलाच्या नवऱ्याने, परशुरामाने, काय निघालं म्हणून विचारलं.

"हिचीं हाडां खाल्लीं आसत, अकरा जाग्यार," सुमंगला म्हणाली. "माजीं बरीं आसत."

कोणी आपली कीव करण्यापेक्षा देवकी जिंकलेली परवडली. देवकी खाली मान घालून ऐकत राहिली. परशुराम हळहळला आणि तिला यापुढे जड काम सांगू नकोस, असं बजावून आत गेला.

मग देवकीने पिशवीतून सुमंगलाच्या नावाचं गोळ्यांचं पाकीट काढून तिच्यापुढे धरलं.

"वयनी, माज्यो गोळ्यो तुमीच दवरात. माका याद रवना नाय."

सुमंगलाने पाकीट ओढून घेतलं.

"इतक्यांय जमना नाय तुका," ती फणकारली आणि पाणी मागितलं.