कोरडी बाटली

नव्या साहेबांनी फळ्यावर नियम लिहिला आणि खाली झोकात सही ठोकली: ‘ज्याच्या पाळीत बाटलीत पाणी कमी, तो उत्तम कामगार.’ ते वाचून कंडेन्सरवाल्या ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अकरा वर्षं त्या हे यंत्र सांभाळत होत्या. पाण्यातून वीज सोडून काढलेला हायड्रोजन येताना वाफ घेऊनच येतो. त्याला पाच अंशांच्या थंड नळ्यांवरून नेलं की वाफेचं पाणी होतं, ते खालच्या बाटलीत ठिबकतं आणि वायू कोरडा होऊन पोलादी पट्ट्या तापवायच्या भट्टीकडे जातो. बाटली भरली म्हणजे काम झालं, इतकं ते सरळ. पण साहेबांनी अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे, त्यांना भरलेली बाटली म्हणजे कामचुकारपणा वाटला. ताईंनी दोनदा समजावून पाहिलं. “ताई, आकडे खोटं बोलत नाहीत,” म्हणून साहेबांनी त्यांना वाटेला लावलं.

दुपारच्या पाळीचा गडी मात्र पोहोचलेला. सगळे त्याला ‘लोणी’ म्हणत, आणि उगाच म्हणत नव्हते. त्याने नळ्यांचं तापमान पाचावरून थेट पंचवीसवर नेलं. बाटली कोरडी ठणठणीत, फळ्यावर नाव. वाफ गेली भट्टीत, आणि चकचकीत निघायच्या पोलादी पट्ट्या काळ्याठिक्कर निघू लागल्या.

दोष कुणाला? भट्टीवाल्याला. भट्टीवाला म्हणजे ताईंचा धाकटा दीर; त्याची पाळी अर्धी ताईंच्या वेळेत, अर्धी लोण्याच्या. सोमवारी तो घरी आला तो ताटावर बसलाच नाही.

“वहिनी, उद्या निष्काळजीपणाचं पत्र देतायत. कामावरून काढणार. माझं चुकलं काय, तेच कळेना.”

“भावजी, तुमचं काही चुकलेलं नाही. आधी जेवून घ्या,” ताई म्हणाल्या.

सकाळी त्यांनी साहेबांच्या टेबलावर दोन पट्ट्या ठेवल्या, एक चकचकीत आणि एक काळी. शेजारीच ते पत्र टाईप होऊन पडलं होतं.

“ही माझ्या पाळीतली, ही लोण्याच्या. भट्टी तीच, माणूस तोच. वायू तेवढा वेगळा.”

“पण तुमच्या बाटलीत एवढं पाणी...”

“घाम पुसला की रुमाल ओला होतो ना, साहेब? रुमाल कोरडाच राहिला, तर घाम कुठे असतो?”

साहेबांचा हात कपाळाकडे गेला. मग त्यांनी पत्र उचललं.

“ठीक आहे. फाडून टाकतो.”

“फाडू नका. मजकूर चांगला उतरलाय. फक्त वरचं नाव बदला.”

“कुणाचं घालू? त्या लोण्याचं?”

“त्याने नियम पाळला,” ताई म्हणाल्या. “नियमाखाली सही कुणाची आहे, ते फळ्यावर जाऊन वाचा.”