घमेल्यातली वाळू आणि एकादशी

मित्रांनो, मी एक जुने घमेले आहे. बुडाला भोक, एक कान तुटलेला, अंगभर गंज. तरी मला हसू नका. मद्रासला एग्मोर स्टेशनच्या मागे जी माडीची घरे आहेत, त्यांतल्या एकाचा चुना आणि वाळू मी वाहिली आहे. डांबराच्या रिकाम्या पिंपाचा पत्रा कापून लोहाराने मला घडवले. पुढे कनका नावाची बाई मला डोक्यावर घेऊन शिड्या चढे आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. तेव्हा मला केवढा मोठेपणा वाटायचा!

मग बुडाला भोक पडले. घर पुरे झाले, माणसे निघून गेली, आणि मी उरलेल्या वाळूच्या ढिगापाशी पालथे पडून राहिले.

तिथून मला शेजारच्या माडीवर राहणाऱ्या अलकनंदेने उचलले. ती साताऱ्याची मुलगी, तंजावरकडच्या मराठी घरात लग्न होऊन आलेली. घरात मराठीच बोलत, पण जुन्या वळणाचे, मधूनमधून तमिळ पेरलेले. तिला अर्धे कळे आणि उरलेल्याला ती नुसती मान डोलावी. नवरा व्यासराज दिवसभर रेल्वेच्या कचेरीत. मन मोकळे करायला तिला एकच सोबत होती, जिन्यात सापडलेली चिन्नी नावाची मांजरी. माडीवर माती कुठली? म्हणून अलकनंदेने माझ्या भोकावर खापराचा तुकडा ठेवला आणि कोरडी वाळू भरून मला मागच्या गॅलरीत ठेवले. चिन्नीने तिथे विधीला बसावे, एवढीच अपेक्षा.

चिन्नी यायची, मला हुंगायची आणि शेपूट ताठ करून निघून जायची. ज्या घमेल्याने घरे उभी केली, त्याचा हा अपमान! मी मनातून फार चिडत असे.

अलकनंदेच्या सासूबाई कृष्णवेणीबाई मोठ्या टापटिपीच्या. सकाळी कॉफी झाली की फिल्टरमधला ओला चोथा त्या फुकट घालवीत नसत. त्याने घाण वास मरतो, अशी त्यांची खात्री. मोरीत थोडा, जिन्याच्या कोपऱ्यात थोडा आणि मी आल्यापासून पहिला मान माझा. माझ्यातल्या वाळूवर त्या तो हाताने पसरीत. रोज ताजी कॉफी मिळणारे मद्रासमधले मी एकटेच घमेले असेन. अलकनंदाही आपला पेला घेऊन गॅलरीत येई आणि डोळे मिटून एका दमात रिकामा करी. ती कॉफी तिच्या घशाखाली कशी उतरते, ते मलाच दिसे.

एके दिवशी आक्रीत घडले. भांडी घासायच्या राखेच्या डब्यात चिन्नीने आपला कार्यभाग उरकला. त्याच राखेने नैवेद्याची भांडी घासली जायची! सासरे वादिराज सोवळ्यातच बाहेर आले.

"जाहलं एवढं पुरे जाहलं," ते म्हणाले. "द्वादशीचं पारणं जाहलं की पूनैला तांबरमच्या गाडीत नेऊन तिकडेच सोडून ये, व्यासराजा."

पूनै म्हणजे मांजर आणि तांबरम म्हणजे गावाबाहेरचे लांबचे स्टेशन, हे अलकनंदेला पुरते ठाऊक होते. माझ्यातली वाळू बदलताना तिचे डोळे भरून आले होते. मला तिची दया आली आणि चिन्नीचा आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. या घरात एकादशी म्हणजे कडकडीत उपास, पाण्याचा थेंबही नाही, मग कॉफी कुठली? व्यासराज तेवढा स्टेशनाजवळच्या हॉटेलात घोटभर घेऊन येई, पण ते आपल्यातच ठेवा. घरातले फिल्टर कोरडे ठणठणीत पडले होते.

आणि दुपारी चिन्नी आली. तिने हुंगले, पंज्याने वाळू उकरली आणि शांतपणे माझ्यात बसली! उठल्यावर तिने सगळे नीट झाकलेसुद्धा. दारात उभी असलेली अलकनंदा आधी माझ्याकडे, मग आतल्या त्या कोरड्या फिल्टरकडे पाहत राहिली.

द्वादशीला पहाटेच पारणे झाले. घरभर कॉफीचा वास सुटला. कृष्णवेणीबाई चोथा घेऊन माझ्यापाशी आल्या.

"आत्याबाई, थांबा! नका टाकू." अलकनंदा त्या घरात प्रथमच मोठ्याने बोलली. "चिन्नीला हा वास सोसत नाही. काल तो नव्हता, तर ती बसली."

"अय्यो, कॉफीचा वास कोणाला सोसत नाही काय?" बाई चकितच झाल्या. पण हात थांबला.

व्यासराज पिशवी घेऊन तयार होता. वादिराज पेला हातात धरून उभे. चिन्नी आली. सगळ्यांनी श्वास रोखले, मीसुद्धा. तिने उकरले आणि बसली.

"सरी, बरं तर," वादिराज घसा खाकरून म्हणाले. "पिशवी ठेव आत."

कृष्णवेणीबाईंनी चोथा कढीपत्त्याच्या कुंडीत टाकला. मग सुनेच्या भरलेल्या पेल्याकडे त्यांचे लक्ष गेले.

"तू माहेरी सकाळी काय पीत होतीस गं?"

"चहा."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

बाईंनी तो पेला अलकनंदेच्या हातातून हळूच काढून घेतला. संध्याकाळी व्यासराजाच्या त्याच पिशवीतून चहाच्या पत्तीचा पुडा आला.

मित्रांनो, कोणी तोंड फिरवले तर त्याला तांबरमची गाडी दाखवण्याआधी काय सोसत नाही ते विचारा. कोणी तोंडाने सांगेल, कोणी पंज्याने. आणि तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे घमेले असेल, तर त्यात वाळू तेवढी रोज कोरडी घाला.