तुडुमावरची जागा

पोळा होऊन पाच दिवस झाले होते. सानगडीच्या पुढे, आडवाटेवरच्या त्या तलावावर गरी टाकून बसणाऱ्या तीन म्हाताऱ्यांच्या लेखी पोळ्यानंतरचा हा रविवार निवाड्याचा. नियम त्यांचाच होता, कधीतरी हसता हसता केलेला, आणि पुढे हसणं विसरून पाळलेला. पावसाळा लागल्यापासून या दिवसापर्यंत ज्याच्या गरीला एकही मासा लागला नाही, त्याने तुडुमावरची जागा सोडायची आणि पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, दुसऱ्या टोकाला बाभळीखाली जाऊन बसायचं. पुढचा पोळा येईपर्यंत.

तुडुम म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांत सोडायचं दगडी तोंड. त्याच्यावर तीन माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढी शिळा आहे, शिळेवर कहूच्या झाडाची सावली आहे, आणि त्या सावलीत बोलणं आहे. मासे बाभळीखालीही लागतात. पण तुडुमावरचं बोलणं तिथवर पोचत नाही.

यंदा टिकारामची गरी कोरडी होती.

"टिक्या," मारोतराव म्हणाला, "त्या गांडुळाले गरीले लावलं का नुसतं फिरायले आनलं?" मारोतरावचं गावात किराणा दुकान. रविवारी दुकानावर मुलाला बसवून तो इथे येई आणि आठवडाभर गिऱ्हाइकांपुढे गिळलेलं सगळं इथे ओकून मोकळा होई.

"त्याले पोहता येते आता," भैय्याजी म्हणाले. "दोन महिन्यांत शिकलं." भैय्याजी तिघांत वडील. वीस वर्षं दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या खेळात, पेटी वाजवलेले. आता पेटी पोटमाळ्यावर होती आणि बोटं रिकामी, म्हणून ती गरीच्या काठीवरही सूर शोधत राहत.

"हसा," टिकाराम म्हणाला. "दिवस मावळला नाई अजून."

"दिवसाचं काय घेऊन बसला? तू मावळून राहिला."

टिकाराम हसला. हसावंच लागतं. पण मधूनमधून त्याची नजर पाळीवरून दूर बाभळीकडे जाई. एवढीशी, खुरटी. सावलीसुद्धा तिच्याच पायापुरती. बायको गेल्यापासून घरात सून बोले ती ताटापुरती, मुलगा बोले तो खतापुरता. बाकी सगळं बोलणं त्याला या शिळेवर मिळे, आठवड्यातून एकदा, शिव्यांत गुंडाळलेलं. ते गेलं तर रविवारसुद्धा सोमवारासारखाच.

खाली गुडघाभर पाण्यात शकुनबाई कमळाची देठं उपटत होती. नात्याने टिकारामची चुलत वहिनी, आणि जिभेने साऱ्या गावाची. "तीन मानसं, तीन काठ्या," ती वाकूनच म्हणाली, "अन् साऱ्या सकाळी एक मासा. मांजर तरी परवडली बाई."

"वहिनी, मासा घाईनं नाई येत, सबुरीनं येते," मारोतरावने उत्तर दिलं.

"तुमची सबुरी पाहून तो म्हातारा होऊन मरते. मंग वरतं येते."

तेवढ्यात पलीकडच्या बांधावर दोन पोट्टे लांब नळीचे कॅमेरे घेऊन चिखलात पालथे पडलेले दिसले. मारोतरावचा चेहरा उजळला. तुच्छ मानायला नवीन कोणी मिळालं की त्याची भूक वाढे.

"नागपूरचे हायेत. सारस पाहाले आले. चार घंट्यांपासून पडून हायेत."

"कुठी हाय सारस?" भैय्याजींनी डोळ्यांवर हात धरला.

"कायचा सारस! आपला रोजचा घोंगल्या हाय. गोगलगायी खाऊन राहिला. अन् हे लेकाचे त्याचे फोटो काढून राहिले, लग्नातल्या नवरदेवाचे काढावं तसे."

"सांगत काहून नाई त्यायले?"

"कायले सांगू? इंटरनेटवर टाकू दे. घोंगल्याले तरी कधी मान भेटन?"

भैय्याजी हसले आणि त्यांनी खिशातून बटणांचा जुना मोबाईल काढला. त्यात पोराने कॅसेटवरून भरून दिलेली त्यांची दंडार होती. घरघर, मग पेटी, मग कोण्या मेलेल्या गड्याचा कोवळा आवाज:

*बांधी भरली पान्यानं, धान आलं पोटरीले,*
*सांगून गेला आठ दिस, कोनाले पुसू खबरीले...*

"हे पेटी वाजून राहिली का बकरी?" मारोतराव म्हणाला.

"तुह्या दुकानातल्या तराजूपेक्षा सुरात हाय."

"मंडईच्या जत्रेत आता कोन आयकते पेटी? मागच्या साली पाहालं ना आपन? स्टेजवर एक पोट्टा, त्याच्यापुढं बटनं. एक दाबलं का ढोलकी, दुसरं दाबलं का पाऊस."

"अन् गानारी?"

"गानारी नुसती तोंड हालवे. गानं मागून कुठून तरी येत होतं."

"थू," भैय्याजी म्हणाले. तेवढ्याने त्यांचं भागलं. ते डोळे मिटून आपल्याच पेटीमागे गुणगुणू लागले, बोटं काठीवर नाचू लागली. मारोतराव पलीकडे वळून शकुनबाईला कमळाच्या देठांचा भाव विचारू लागला आणि तिने त्याला त्याच्या तुरडाळीचा भाव विचारला. भांडण जुंपलं.

त्याच वेळी टिकारामला पाणी टपटपताना दिसलं.

आभाळ कोरडं होतं. पण शिळेपासून चार हातांवर, लव्हाळ्याच्या आडोशाला, पाण्याच्या ताटाएवढ्या तुकड्यावर बारीक थेंब पडावेत तसं होत होतं. थेंब वरून पडत नव्हते, खालून उमलत होते. मरळीची पिल्लं. कुंकवाच्या रंगाची, शेकडो, श्वास घ्यायला एकदम वर येणारी आणि एकदम खाली जाणारी. आणि त्यांच्या खाली, चिखलाच्या रंगाची, हाताएवढी जाड एक सावली.

अशी मरळ कुणीही धरू शकतो. पिल्लांवर असताना तिला भूक नसते, राग असतो. पिल्लांपाशी जे पडेल त्यावर ती तोंड टाकते. म्हणूनच पाणी असं टपटपताना दिसलं की गरीवाला आपली गरी काढून घेतो. हा नियम तिघांनी केलेला नव्हता. तो करावा लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

टिकारामने भैय्याजींच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिलं. मारोतरावच्या पाठीकडे पाहिलं. मग बाभळीकडे पाहिलं.

शिळेच्या फटीत एक बेंडकुळी, बोटभर बेडूक, बसली होती. त्याने गांडूळ काढलं, बेंडकुळी लावली, आणि गरी त्या लाल पावसात सोडली.

काठी वाकली. पाणी फुटलं. मारोतराव अर्ध्या शिवीवर वळला, आणि शिळेवर दोन किलोची मरळ शेपटी आपटत होती.

"अबे टिक्या!" मारोतरावने त्याला मिठीच मारली. "साल्या! दोन महिने दडून बसला, अन् आनली तं मरळ आनली! भैय्याजी, उठा, पाहा!"

"वा रे गड्या," भैय्याजी म्हणाले. "वाचला तू बाभळीपासून."

मरळ पाण्याच्या बादलीत गेली. टिकाराम बसला. त्याने हात मांडीखाली घेतले. मारोतराव बोलतच होता. टिकारामने कधीकाळी पकडलेले सगळे मासे तो आज आठवून आठवून मोठे करत होता. दोन महिन्यांची टिंगल एका दमात फिटत होती. टिकारामला ऐकू येत होतं, पण ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललं असावं तसं.

शकुनबाईच्या उपटण्याचा आवाज थांबला.

"भाऊजी," ती म्हणाली. तिचा आवाज या वेळी लहान होता. "हे कोनाचे पोरं?"

तिच्या पोटऱ्यांभोवती पाणी लाल झालं होतं. पिल्लं तिच्या पायांना बिलगत होती, सुटत होती, पुन्हा बिलगत होती. त्यांना कोणती तरी सावली हवी होती. वरून निळी काडी पडावी तसा खंड्या आला आणि चोच भरून गेला.

भैय्याजींनी मोबाईलचं बटण दाबलं. गाणं आठ दिसांवरच तुटलं. मारोतराव बादलीवर वाकला. मरळीच्या जबड्यातून बेंडकुळीचा एक पाय लोंबत होता.

मारोतराव सरळ झाला. त्याने आपल्या काठीची दोरी गुंडाळली, गांडुळांचा डबा उचलला.

"मारोत्या," टिकाराम म्हणाला, "शिवी तं दे."

"शिवी मानसाले देते," मारोतराव म्हणाला आणि पाळीवर चढला.

भैय्याजी सावकाश उठले. "नियमानं जागा तुही हाय. बस तू. आमी बाभळीखाली बसतो."

दोघं पाळीवरून चालत गेले. बाभळीच्या त्या टीचभर सावलीत एक बसला, दुसरा उन्हात. ते काहीतरी बोलत असावेत. हात हलताना दिसत होते. ऐकू काही येत नव्हतं.

"सोडा तिले पान्यात," शकुनबाई म्हणाली आणि देठांचा भारा डोक्यावर घेऊन निघाली. तिने मागे पाहिलं नाही.

टिकारामने बादली उचलली. गरी सोडवताना मरळीच्या जबड्याचं कातडं त्याच्या बोटांवर आलं. पाण्यात सोडली तेव्हा ती कुशीवर पडून राहिली, एक डोळा आभाळाला लावून. मग कल्ला हलला, आणि ती खोल गेली. पिल्लांच्या उलट्या दिशेला.

येईल की नाही, कुणाला सांगता येणार? खंड्या मात्र परत आला. टिकाराम धोतर खोचून पाण्यात उतरला आणि काठी पाण्यावर आपटू लागला. खंड्या उडाला. मग एक बगळा आला. तो उठवला. पुन्हा खंड्या. पिल्लं आता त्याच्या पायांशी जमली होती, आणि तो हलू शकत नव्हता. गुडघे दुखत होते. ऊन कलू लागलं. गरी नसलेली काठी उगारून, हाड् हाड् करत, एक म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा होता आणि पलीकडच्या बांधावरच्या कॅमेऱ्यांनी घोंगल्या सोडून त्याच्याकडे तोंड वळवलं होतं.

पुष्कळ वेळाने पाळीच्या त्या टोकाहून, हाताचा भोंगा करून, पूर्ण छाती फोडून मारोतरावने मारलेली हाक पाण्यावरून आली.

"टिक्या! आता त्यायले दूध बी पाज, मायझया!"

टिकारामने मान वर केली नाही. खंड्या पुन्हा कहूच्या फांदीवर येऊन बसला होता.